पिशोरकर मॅडमचे सोमवार

पिशोरकर मॅडम माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी टाचा, मग दात, मग जमलं तर चेहरा. पुंडलिकनगरात त्यांच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या हातात पत्रकाचा कच्चा मसुदा होता आणि तोंडात तयार भाषण. मॅडमनी दार उघडलं, माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चप्पल काढ आणि टाच वर कर."

मी टाच वर केली. कुणी इतक्या शांतपणे काही सांगितलं की आपण करून मोकळे होतो. टाचेला भेगा होत्या, एकीतून रक्त यायचं. रोज टँकरमागं पळणाऱ्या पायाला दुसरं काय असणार? मॅडम वाकून बघत राहिल्या, आटलेल्या नदीचा नकाशा बघावा तसं. मग म्हणाल्या, ही भेग भरू दे, तोवर तुझं रक्त मी घेणार नाही. रक्त द्यायला मी आलेच नव्हते. मी आले होते त्यांची सही घ्यायला.

लागोपाठच्या दुष्काळाची ती वर्षं. नळाला पाणी कधी येईल ते महापालिकेलाही सांगता येत नव्हतं आणि शहर मात्र भरती आल्यासारखं वाढत होतं. बायपासच्या पलीकडं, चितेगावच्या रस्त्याला, जिथं बाजरी डुलायची तिथं रंगवलेले दगड रोवून प्लॉट पाडले होते. बोर्डावर निळाशार पोहण्याचा तलाव, त्यात हसणारं गोरं कुटुंब, आणि त्याच बोर्डाच्या सावलीला रिकाम्या घागरींची रांग. ज्यांना हे बघून राग येत नव्हता त्यांचा मला जास्त राग यायचा. आम्ही चार-दोन जण पत्रकं काढून वाटायचो. त्या दिवशीच्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'टँकरचं पाणी, मूत्रपिंडाचा खून!' खाली एखाद्या शास्त्रज्ञाचं नाव हवं होतं.

मॅडम एका ट्रस्टच्या दवाखान्यात प्रयोगशाळा सांभाळायच्या. मधुमेह्यांची मूत्रपिंडं कशी जातात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांनी मसुदा वाचला, पेन काढलं आणि सगळी उद्गारचिन्हं एकेक करून खोडली. शांतपणे, भाजी निवडावी तशी. मग म्हणाल्या, "चिडलेलं वाक्य आणि सुजलेलं रक्त, दोन्हीचं एकच असतं बघ. काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. कुठं बिनसलंय ते कळत नाही."

मग त्यांनी मला गंजीची गोष्ट सांगितली. लहानपणी पिशोरला त्यांच्या घरामागं कडब्याची गंज असायची. कडबा ओलसर राहिला तर गंज आतून तापते. बाहेर धूर नाही, वास नाही, कोंबड्या वर निवांत बसलेल्या. हात आत घालावा तर चटका बसतो. साखरेच्या माणसाचं मूत्रपिंड तसं असतं, म्हणाल्या. वर्षानुवर्षं मंद सूज, ना ताप ना दुखणं. लघवीतून प्रथिनं जायला लागतात तेव्हा आतलं बरंचसं करपून गेलेलं असतं. पण सुजेची खबर रक्तात फिरते. यकृत एक प्रथिन सोडतं, त्याला सीआरपी म्हणतात. पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते निरोपही मोजता येतात. त्यांना एवढंच शोधायचं होतं, की मूत्रपिंड गप्प असतं तेव्हा रक्त काही बोलतं का.

"आणि टाच?" मी विचारलं.

टाचेत पू झाला, हिरडी सुजली, तरी तेच प्रथिन वाढतं, त्या म्हणाल्या. रक्ताला पत्ता लिहिता येत नाही. म्हणून आधी बाकीची सगळी दारं वाजवून बघायची.

हे सगळं चाललं असताना आतल्या खोलीत कुणीतरी स्तोत्र पुटपुटत होतं. ती अक्का, मॅडमची थोरली बहीण. वडील-आजोबा भिक्षुकी करणारे; वडील लवकर गेले तेव्हा अक्का शहरात येऊन कारकून झाली, धाकटीला शिकवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं त्याचा कुणी विषय काढला नाही. आई साखरेनंच गेली, शेवटी मूत्रपिंडं बंद पडून. अक्कालाही साखर होती. मॅडमच्या यादीत मधुमेही पुष्कळ होते, पण माझं स्पष्ट मत आहे की तो सगळा अभ्यास त्या एका म्हातारीभोवती फिरत होता. आईच्या वेळी जे कळलं नाही ते अक्काच्या वेळी आधी कळावं, एवढ्यासाठी ही बाई आख्ख्या वस्तीच्या टाचा तपासत होती.

प्रयोगशाळेत मी पुढं वरचेवर जायला लागले. सही मिळवायची जिद्द होती, आणि तिथं बसायला बरं वाटायचं, हेही खरं. खिडकीला वाळ्याचा पडदा होता. त्यावर मारायला पाणी नसल्यामुळं तो कोरडाच हलायचा आणि जुन्या उन्हाळ्यांचा वास यायचा. दुपारी मॅडम एक उभी काचेची नळी घेऊन बसायच्या. त्यात रक्त भरून नळी सरळ उभी ठेवायची. हळूहळू लाल पेशी खाली बसतात, वर पेंढ्याच्या रंगाचा स्वच्छ पाझर राहतो. अंगात सूज असेल तर पेशी लवकर खाली बसतात. तासाभरात किती उतरल्या ते पाहायचं. सगळ्यात जुनी तपासणी ही, कुणालाही करता येते.

मॅडम मात्र तो तासभर नळीसमोरून उठायच्या नाहीत. शकीलभाई म्हणून त्यांचे तंत्रज्ञ होते, रक्त काढण्यात हात हलका. ते वैतागायचे. "मॅडम, मशीन हाय ना आपल्याकडं. ते टुकटुक करून आकडा देतंय. तुम्ही कायकू डोळे फोडताय?"

"मशीन आकडा देतं, शकीलभाई. मला उतरताना बघायचंय."

"उतरताना काय दिसतंय?"

मॅडमनी शेजारचं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मी पण त्यांच्या शेजारी बसून बघायला लागले. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग काचेच्या वरच्या टोकाला उजेडाचा एक धागा येतो. तो रुंद होत जातो, इतका सावकाश की कधी वाढला ते सांगता येत नाही. बाहेर रिक्षा, टँकरचे हॉर्न, बांधकामाची ठोकाठोक, आणि आत कुणाचं तरी रक्त आपल्याच नादात खाली चाललेलं. मला वाटायचं, या शहराखालचं पाणी उतरताना कुणी असं समोर बसून बघितलं असतं तर? पण तेव्हा सगळे नवे बोअर घेण्यात गुंतलेले होते, आणि बोअरवाल्या गाड्या सणाच्या गाड्यांसारख्या गल्लोगल्ली फिरत होत्या.

त्या उन्हाळ्यात आमच्या गटानं आणि मॅडमनी मिळून वस्तीतल्या मधुमेह्यांची तपासणी ठेवली. निरोप साधा होता, रात्रीच्या जेवणानंतर काही खाऊ नका, पाणी प्यायलेलं चालेल. सकाळी शाळेच्या आवारात मंडप टाकला. माणसं लवकर आली, शहाण्यासारखी रांगेत बसली. टाचा दाखवल्या, दात दाखवले, रक्त दिलं.

अहवाल आले आणि मी उडालेच. जवळजवळ सगळ्यांचं क्रिएटिनिन वर, युरिया वर. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की रक्तात जे साठतं, ते सगळ्या गल्लीच्या रक्तात साठलेलं. आमच्या हातात दारूगोळाच आला. मी मसुदा नव्यानं लिहिला, उद्गारचिन्हं परत घातली, छापखान्यात शब्द टाकून आले. मग मॅडमकडं गेले, आता तरी सही द्या म्हणून.

मॅडम अहवाल पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, गंज थंड आहे. मला कळेना. त्यांनी दाखवलं, ज्यांची मूत्रपिंडं बिघडलेली दिसत होती त्यातल्या बहुतेकांचं सीआरपी शांत होतं. आदल्या दिवाळीत याच लोकांचं क्रिएटिनिन ठीक होतं. आख्खी गल्ली एका उन्हाळ्यात अशी जात नाही, आणि गेलीच तर एवढी गुपचूप जात नाही. त्यांनी शकीलभाईंना विचारलं, रक्त काढताना काही वेगळं वाटलं का.

शकीलभाई डोकं खाजवत म्हणाले, "शिरा सापडत नव्हत्या, मॅडम. सगळ्या बाया सुकलेल्या. मला वाटलं उन्हाळा हाय."

मॅडम उठल्या आणि तशाच घरी गेल्या. मी मागोमाग. अक्का तुळशीपाशी वाती वळत होती. मॅडमनी तिला सरळ विचारलं, तपासणीच्या दिवशी सकाळी तू पाणी प्यायली होतीस का.

अक्का म्हणाली, नाही. आणि मग, मान ताठ करून, "गल्लीतल्या सगळ्यांना मीच सांगितलं होतं. तपासणी म्हणजे परीक्षाच की. करायची तर कडक करा, आदल्या दुपारपासून पाण्याला शिवू नका. पाणी चालेल म्हणे! अशानं काय खरं निघणार?"

आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. घरोघरी निर्जळी उपासाची सवय, ती अंगात मुरलेली. पलीकडच्या गल्लीतल्या शकीलभाईंच्या मावशी, खालाजान, आणि त्यांच्या शेजारणींनाही त्यात वावगं वाटलं नाही. रोजा असतो तसाच हा, त्या म्हणाल्या. त्यातून पाणी विकतचं, मोजूनमापून पुरवायचं. वाचलं तेवढं बरंच. मधुमेही माणसं भर उन्हाळ्यात पाण्याशिवाय रात्र काढून आमच्या मंडपात येऊन बसली होती, आणि कुणीही त्याबद्दल हूं की चूं केलं नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांनी आम्हाला मदत केली होती.

मॅडमनी सगळ्यांना परत बोलावलं. या वेळी आधी पाणी प्यायचं, मग रक्त. पाणी आणायचं कुठून, तर ज्यानं त्यानं आपापल्या घरून तांब्या आणला. काही जणींनी शेजारणीसाठीही आणला. ती सकाळ मला अजून कधीकधी स्वप्नात आल्यासारखी आठवते. पांढऱ्या कापडाखाली गाळलेला उजेड, ओळीनं बसलेली वस्ती, आणि सगळे मिळून पाणी पिताहेत. कुणी बोलत नाही. फक्त घोट उतरल्याचा आवाज. टँकरवर रोज एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया एकमेकींचे तांबे वाकवत होत्या. मॅडम रांगेतून हळूहळू चालत होत्या, वाढप्यासारख्या, आणखी घ्या म्हणत.

बहुतेकांचे आकडे उतरले. माझं पत्रक गेलं. मी मॅडमवर तोंड सोडलं. बिल्डरांना आणि टँकरवाल्यांना तुम्ही वाचवलंत, असं सुनावलं. त्या म्हणाल्या, "पाणी घाण आहे, कमी आहे, महाग आहे, याच्यावर मी आत्ता सही करते. आण. त्यानं मूत्रपिंडं जातात का, ते मला अजून माहीत नाही. माहीत नाही याच्यावर पण सही करते." आणि खरंच केली. पत्रक निघालं, बेतास बात. पण महापालिकेत पहिल्यांदाच कुणाला ते खोडून काढता आलं नाही, एवढं मी कबूल करते.

चार-दोन लोकांचे आकडे मात्र पाणी पिऊनही उतरले नाहीत. त्यात अक्का होती. तिचं सीआरपी गेली दोन-तीन वर्षं सावकाश चढत होतं. मॅडमची सगळी दारं वाजवून झाली होती. टाचा लोण्यासारख्या, कवळी स्वच्छ, छाती साफ, लघवीत जंतू नाहीत. सूज दुसरीकडं कुठंही सापडत नव्हती. आता लघवीत प्रथिनंही दिसायला लागली होती. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मीठ तोडलं आणि बजावलं, यांनी कोरडं राहायचं नाही. दिवसाचं पाणी ठरवून दिलं.

आणि नेमकं त्याच वेळी अक्कानं सोमवार धरले होते. पाऊस पडेपर्यंत दर सोमवारी निर्जळी. साऱ्या मुलखासाठी.

मॅडम देवाशी भांडायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, तिथं पुराव्याचं काही चालत नाही, वेळ फुकट जातो. पण अक्काशी त्या आयुष्यात पहिल्यांदा भांडल्या. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. चहाचा कप भांड्यांचा आवाज करून पुढं सरकवला जायचा. एका सोमवारी मॅडम अक्काला रिक्षात घालून प्रयोगशाळेत घेऊन आल्या. शकीलभाईंनी दोघींचं रक्त काढलं. दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीत अक्का, एकीत मॅडम.

तो तास मी विसरणार नाही. दुपार अशी होती की हवा जागच्या जागी थरथरत होती. अक्का खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली, पदर डोक्यावर, ओठ पांढरे. दोन्ही नळ्यांत उजेड आला. अक्काच्या नळीतला भराभर रुंद होत गेला. मॅडमचा मागं राहिला. मॅडमनी काही समजावून सांगितलं नाही. अक्का कारकून होती, तिला वरचा आणि खालचा फरक कळत होता.

नळीवरची नजर न काढता ती म्हणाली, "लहानपणी नदीवर जाताना पण मी अशीच पुढं पळायची. तू मागून रडत यायचीस."

"आत्ता पण रडत येऊ का?" मॅडम म्हणाल्या.

अक्का हसली नाही. म्हणाली, "धरलेलं सोडता येत नाही गं, छबू. सोडलं आणि पाऊस नाही आला, तर माझ्यामुळं नाही आला असं होईल."

छबू हे मॅडमचं घरातलं नाव. शकीलभाईंनी एकदम टेस्टट्यूब पुसायला घेतल्या. मॅडम नळ्यांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, एखादीनं धरलेलं व्रत घरातल्या दुसरीनं पुढं चालवलं तर चालतं का. आपल्याकडं आजीचं आईनं चालवलं होतं ना.

अक्का विचारात पडली. चालतं, म्हणाली. घराण्याचं असतं ते. पण मग एकीनंच करायचं. एका घरात एका वेळी दोघी निर्जळी नाहीत, घरात कुणीतरी पाणी प्यायलंच पाहिजे.

"मग पुढच्या सोमवारपासून मी," मॅडम म्हणाल्या. "आणि तू पाणी प्यायचं. डॉक्टर सांगतील तेवढं सगळं."

मला हे सहन झालं नाही. मी दारातच त्यांना गाठलं. विज्ञान शिकलेली बाई पावसासाठी निर्जळी करणार? आम्ही गावोगाव अंधश्रद्धेवर बोलायचं आणि तुम्ही इथं सोमवार धरायचे? मॅडम ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "माझं रक्त तू आत्ता बघितलंस ना? मला साखर नाही. मला एक दिवस परवडतो, तिला नाही." एवढ्यावर विषय संपला. गोळ्या, मीठ, पाणी आणि साखर, या सगळ्यातल्या कशानं अक्काची मूत्रपिंडं किती टिकतील हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलंही नाही.

मग सोमवारचं एक दृश्य ठरून गेलं. प्रयोगशाळेत मॅडम ओठ कोरडे घेऊन नळीसमोर. शकीलभाई त्यांच्यासमोर चहा पीत नसत. व्हरांड्यात जाऊन पाठ करून प्यायचे. मॅडमचा अभ्यास एका लहानशा नियतकालिकात छापून आला. शेवटी लिहिलं होतं की सुजेचा मूत्रपिंडाशी संबंध दिसतो, पण तेच कारण असल्याचं सिद्ध होत नाही. एवढ्या वर्षांची मेहनत आणि वाक्य हे. मी असते तर टेबल आपटून लिहिलं असतं. मॅडम म्हणाल्या, "जेवढा हात पोचला तेवढंच लिहिलं."

मी नंतर अजिंठ्याकडच्या गावांत कामाला गेले. वर्षं गेली. पाऊस परतला, धरण भरलं, दरवाजे उघडले, लोक गाड्या करून बघायला गेले. शहराच्या पाट्यांवरचं नाव बदललं. नळाचं म्हणाल तर ते तसंच, त्यावर वेगळं पत्रक आहे. मागच्या श्रावणाच्या थोडं आधी मी पुंडलिकनगरात गेले. सोमवारच होता.

मॅडम निवृत्त झाल्या होत्या. अक्का खूप वाळली होती, पायावर थोडी सूज, पण डायलिसिस नाही. स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आली. मॅडमचे ओठ पांढरे होते. मला कळेना. मी स्वयंपाकघरात त्यांना हळूच म्हटलं, धरण भरून वाहिलं मॅडम, तुमचे सोमवार अजून कसले?

त्या कुजबुजल्या, "उद्यापन केलं की ती दुसरं काहीतरी धरेल. मी बसलेय तोवर तिला पाणी प्यावं लागतं." आणि माझ्यासाठी पोहे करायला लागल्या.

मी बाहेर ओसरीत आले. अक्कानं मला जवळ बसवलं, आत एक नजर टाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "धरण भरलं ते मला ठाऊक आहे. पेपर वाचते मी रोज. तू तिला बोलू नकोस काही."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"ती संध्याकाळी दिवा लावते गं, सोमवारचा. उभ्या जन्मात कधी लावला नव्हता. माझ्यामागं तिला कुणीतरी नको का?"

पोहे झाले, खाल्ले, निघाले. फाटकापाशी चप्पल अडकवताना मागं बघितलं. उन्हं कलली होती, ओसरीवर पिवळा मऊ उजेड पसरला होता. मॅडमनी बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी ग्लासात ओतून अक्काच्या हातात दिलं. अक्का डोळे मिटून सावकाश पीत होती. मॅडम तिच्या गळ्याकडं बघत उभ्या होत्या. ग्लास रिकामा झाला तेव्हा आवंढा मॅडमनी गिळला.